आधी ठरते, मग दिसते : सुपा-जोयड्याच्या रानाची हकीकत



कारवारहून निघालेला रस्ता कद्रा मागे टाकून अणशीचा घाट चढतो आणि कुंभारवाड्यावरून जोयड्याकडे जातो. कुंभारवाडा हे या वाटेवरचे लहान गाव. चारी बाजूंना डोंगर, डोंगरांवर रान, आणि रानाच्या कडेला कुणब्यांची घरे व भातखाचरे. याच तालुक्यातल्या उळवीला चन्नबसवेश्वरांच्या दर्शनाला जाणारे यात्रेकरू या मुलखातून जातात. लाकूडतोडीच्या काळात ठेकेदारांच्या गाड्या इथून गेल्या, आणि आता पट्टेरी वाघाच्या आशेने पर्यटक येतात.

या सगळ्यांना एकाच डोंगरासमोर उभे करून काय दिसते असे विचारले, तर उत्तरे जुळणार नाहीत. पर्यटकाला हिरवी भिंत दिसेल. वनखात्यातल्या माणसाला साग, शिसव, ऐन, नाणा अशी झाडे मोजून दिसतील. कुणबी बाईला झाडांवर चढलेला करांद्याचा वेल दिसेल आणि त्याच्या पानावरून खाली कंद केवढा धरला असेल याचा अंदाजही येईल. यात्रेकरूला ज्या रानात शरणांनी आसरा घेतला ते रान दिसेल. डोळ्यांत शिरणारा उजेड मात्र सगळ्यांचा एकच असतो.

मग फरक कुठे पडतो? हा प्रश्न मेंदूच्या अभ्यासकांचा वाटतो, पण उत्तर कानड्याच्या या मुलखात तो इतिहासाचाही आहे. इथे कोणाला काय दिसले यावरून कायदे झाले, गावे उठली, माणसांच्या जमिनी गेल्या किंवा राहिल्या. म्हणून आधी दिसणे म्हणजे काय ते थोडक्यात पाहू आणि मग या रानाकडे वळू.

आपल्या सर्वांची एक साधी समजूत असते की डोळा ही खिडकी आहे आणि बाहेरचे जग तिच्यातून जसेच्या तसे आत येते. प्रत्यक्षात ही खिडकी फार अरुंद आहे. डोळ्याच्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या आसपास, पण तिथून मेंदूकडे जाणारे तंतू साधारण दहा लाखच. पडद्याच्या मधोमध एक चिमुकली जागा सोडली तर बाकी चित्र अंधूकच असते. ज्या जागेतून हे तंतू बाहेर पडतात तिथे तर काहीच दिसत नाही. सतराव्या शतकात एद्म मारिऑत या फ्रेंच संशोधकाने हा आंधळा बिंदू दाखवून दिला. तरीही आपल्याला जगात कुठे भोक पडलेले दिसत नाही. ते भोक मेंदू भरून काढतो, आणि ते भरताना जवळचा जुना साठा वापरतो.

हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५६ ते १८६७ या काळात भागाभागाने प्रसिद्ध केलेल्या दृष्टीशास्त्राच्या ग्रंथात हेच मांडले. पाहणे हे एक अनुमान आहे, आणि ते आपल्या नकळत होते, असे त्याचे म्हणणे. आजचे अभ्यासक त्याचीच वाट पुढे नेतात. मेंदू पूर्वानुभवावरून अंदाज बांधतो आणि डोळ्यांकडून आलेल्या तुटपुंज्या खबरीशी तो ताडून पाहतो. अंदाज जुळला की आपण म्हणतो, दिसले.

आपल्याकडे वेदान्तात दोरीवर साप दिसल्याचा दृष्टान्त घरोघरी माहीत आहे. तो भ्रमाचा म्हणून सांगतात. पण जरा विचार करा. तिन्हीसांजेला पायवाटेवर पडलेली दोरी अणशीच्या माणसाला साप वाटते, आणि शहरात वाढलेल्या माणसाला ती कदाचित पाण्याची नळी वाटेल. दोघांनीही दोरी पाहिलेली नाही, आपापले आयुष्य पाहिले आहे. सापांच्या मुलखात राहणाऱ्याने आधी दचकावे आणि मग निरखावे यात शहाणपणही आहे.

कानाचेही असेच. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोघांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आपल्या भाषांच्या अगदी जवळचा आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या तान्ह्या मुलांना हिंदीतल्या त आणि ट या ध्वनींमधला फरक कळत होता. पहिला वाढदिवस येईपर्यंत बहुतेकांचा तो गेला. कान बिघडला नव्हता. घरात त्या फरकाला किंमत नव्हती, म्हणून मेंदूने तो टाकून दिला. मूल बोलायला शिकण्याआधी काय ऐकायचे नाही ते शिकते.

तज्ज्ञांची गोष्ट आणखी विचार करायला लावते. २०१३ साली अमेरिकेत चोवीस क्ष-किरणतज्ज्ञांना फुफ्फुसांची चित्रे देऊन त्यांतल्या गाठी शोधायला सांगितले होते. एका संचात संशोधकांनी गोरिलाचे चित्र घुसवले होते, गाठीच्या अठ्ठेचाळीस पट मोठे. चोवीसांपैकी वीस जणांना ते दिसले नाही. गाठी शोधण्यात ही मंडळी वाकबगार होती. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्यांच्या नजरेला धार आली होती, आणि त्याच धारेने गोरिला कापला गेला. शिकलेल्या नजरेला जे मिळते त्याची किंमत तिला अशी मोजावी लागते.

हे ध्यानात ठेवून आता दोनशे वर्षे मागे जाऊ.

१७९९ साली टिपू पडला आणि कानडा जिल्हा इंग्रजांच्या हाती आला. लगोलग १८००-१८०१ मध्ये फ्रान्सिस बुकानन या डॉक्टरने म्हैसूर, कानडा आणि मलबार पायाखाली घातले. त्याचा वृत्तान्त १८०७ मध्ये छापून आला. कंपनी सरकारला या रानात सर्वांत आधी जे दिसले ते जहाज. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले कारागीर पश्चिम किनाऱ्यावरच्या सागाची जहाजे बांधत. १८१७ साली तिथे बांधलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात अजून तरंगते आहे. पुढे रेल्वे आली आणि जहाजाच्या जोडीला रुळांखालचे स्लीपर दिसू लागले. सागाची झाडे कमी होत चालल्याची काळजी वाढली. १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. हाच गिब्सन पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख होता. १८५६ मध्ये ह्यू क्लेगहॉर्न मद्रास इलाख्याचा वनसंरक्षक झाला. कानडा तेव्हा मद्रासकडे होता.

क्लेगहॉर्नच्या नजरेत सर्वांत जास्त सलली ती कुमरी. गोव्यात जिला कुमेरी म्हणतात तीच ही शेती. उतारावरच्या रानाचा एक तुकडा तोडायचा, उन्हाळ्याच्या अखेरीस वाळलेला पाला-फांद्या जाळायच्या, पहिल्या पावसावर राखेत नाचणी आणि इतर धान्ये पेरायची. एकदोन पिके घेऊन तो तुकडा सोडायचा आणि दुसरीकडे वळायचे. सोडलेल्या जागी पुन्हा रान चढते, आणि बऱ्याच वर्षांनी माणूस तिथे परततो. क्लेगहॉर्नच्या मते हा रानाचा नाश होता. १८६० साली मद्रास सरकारने परवानगीशिवाय कुमरी करायला बंदी घातली. १८६२ मध्ये उत्तर कानडा मुंबई इलाख्यात आला, १८७८ चा वनकायदा झाला, राखीव जंगलांच्या सीमा पडल्या, आणि कुमरी आक्रसत गेली.

क्लेगहॉर्न आंधळा होता किंवा दुष्ट होता असे म्हणून मोकळे होता येणार नाही. त्याला जे दिसले ते तिथे होतेच. पण तो कधी पाहत होता हे विचारा. साहेबांचे दौरे आणि तंबू कोरड्या ऋतूतले. घाटमाथ्यावर पावसात फिरणे त्या काळी जवळपास अशक्य. म्हणजे साहेब येई तेव्हा समोर धूर, राख आणि जळकी खोडे असत. जुलैत तरारलेली नाचणी त्याच्या वाट्याला येत नसे. पाच वर्षांनी त्याच जागी उगवलेली झुडपे त्याने पाहिली तरी ती कुमरीची आहेत हे त्याला कोण सांगणार? कुणब्याच्या डोळ्यांपुढे पंधरावीस वर्षांचे एक चक्र होते. साहेबापुढे त्या चक्रातला एक आठवडा होता. दोघेही डोळ्यांनी पाहिलेलेच सांगत होते.

तरी कुमरीला निर्दोष ठरवण्याचीही घाई नको. चक्र आखूड झाले, माणसे वाढली, की तीच शेती जमीन धुऊन नेते. आणि ठेकेदारांची तोड रानाला कुमरीपेक्षा कमी जड गेली असेल असे मानायला आधार नाही. खरा मुद्दा असा की या दोन नजरांची कधी गाठच घालून दिली गेली नाही. एकीला कागद मिळाला, दुसरीला मिळाला नाही. १८८३ मध्ये कॅम्पबेलच्या देखरेखीखाली कानड्याचे गॅझेटियर छापले गेले. आज आपण या मुलखाबद्दल काही शोधायला निघालो की पहिल्यांदा तेच उघडतो. त्या पानांतून आपल्यालाही आधी सरकारी नजर मिळते आणि मग रान दिसते.

शब्दांचे काम यात मोठे आहे. वनखात्याच्या कागदावर लाकूड ते मुख्य आणि मध, शिकेकाई, कंद, औषधी साली हे सारे गौण वनउपज. एकदा गौण म्हटले की ते नजरेच्या कडेला जाते, क्ष-किरणतज्ज्ञाच्या गोरिलासारखे. कुणब्याच्या घरात हिशेब उलटा. सागाच्या सोटाला त्याने हात लावला तर गुन्हा. पावसाळ्यात चूल पेटती राहते ती सुरण, माडी, कणगी आणि करांद्यांवर. डब्ल्यू. ए. टॅल्बट या वनाधिकाऱ्याने उत्तर कानड्यात वर्षे काढली आणि मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर १९०९ ते १९११ च्या दरम्यान मोठा ग्रंथ छापला. सरकारी माणसाची नजरही मेहनतीने रुंद होऊ शकते याचा तो पुरावा. रोज झाडाखाली बसून पाने निरखणाऱ्याला सागाशिवायही बरेच दिसते.

दोन नजरांची गाठ घालून दिली तर काय होते याचे उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. ते मला कुमरीच्या कहाणीपेक्षा मोलाचे वाटते.

१९५५ मध्ये वेस्ट कोस्ट पेपर मिल्स ही कंपनी स्थापन झाली आणि दांडेलीला कागदाचा कारखाना उभा राहिला. कागदाला बांबू लागतो आणि आसपासच्या रानात तो मुबलक होता. काही वर्षांत तो घटू लागला. कारण काय, यावर वाद सुरू झाला. १९७० च्या दशकात कर्नाटक सरकारच्या सांगण्यावरून माधव गाडगीळ यांनी हा प्रश्न अभ्यासायला घेतला. गाडगीळ मूळचे पुण्याचे, आणि १९७३ पासून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. नरेंद्र प्रसाद त्यांच्यासोबत काम करत होते.

कळकाच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांची दाट जाळी असते. तोडणाऱ्याला ती अडचण. कारखान्याच्या आणि वनखात्याच्या नजरेत ती घाण होती. ती साफ केली की बेट मोकळे होईल, नवे बांबू सरळ वाढतील असा त्यांचा विचार. त्यामुळे तोडीच्या वेळी जाळी काढून टाकली जाई. गावकरी वेगळेच सांगत होते. ही जाळी म्हणजे बेटाचे कुंपण आहे, ते काढले की पावसाळ्यात फुटणारे कोवळे कोंब गुरे आणि रानातली जनावरे खाऊन टाकतात. गोव्याकडे ज्याला किल्ल म्हणतात तोच हा कोंब. माणसेही तो आवडीने खातात, मग जनावरे सोडतील कशी?

काटे तेच, बेट तेच. एकाला त्यांत कचरा दिसला आणि दुसऱ्याला वई. शहाणा कोण हे पदावरून ठरवायचे असते तर उत्तर आधीच ठरलेले होते. गाडगीळांनी पदावरून ठरवले नाही. रानात जाऊन नोंदी ठेवल्या, कोंबांचे काय होते ते पाहिले, आणि गावकऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. रानाचा अभ्यास करताना लोकांच्या जाणकारीला हात घातल्याशिवाय भागत नाही, हे त्यांनी पुढे आयुष्यभर सांगितले.

या प्रसंगातून निघणारा अर्थ नेमका समजून घ्यायला हवा. प्रत्येकाची आपली नजर असते, म्हणून सगळेच आपापल्या जागी खरे, असे इथे झालेले नाही. जाळी काढल्याने कोंब वाचतात किंवा खाल्ले जातात, यापैकी एकच गोष्ट खरी. पण ती कोणती हे कळण्यासाठी दुसऱ्याला काय दिसते ते आधी ऐकावे लागले. प्रश्न काय विचारायचा हे गावकऱ्यांच्या नजरेने सुचवले, आणि उत्तर मोजणीने दिले. कुमरीच्या वेळी हे घडले असते तर या तालुक्याचा इतिहास थोडा वेगळा झाला असता.

त्यानंतरची हकीकत आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीतली आहे. काळी नदीवर सुपा येथे धरणाचे काम १९७४ मध्ये सुरू झाले आणि १९८७ मध्ये पुरे झाले. भिंतीची उंची १०१ मीटर. अभियंत्याच्या नकाशावर ती दरी म्हणजे समपातळीच्या रेषा, आणि कुठल्या रेषेपर्यंत पाणी चढवले तर किती वीज याचा हिशेब. तो हिशेब बरोबरच होता, वीज झाली. त्याच रेषांच्या खाली तालुक्याचे गाव होते. सुपा बुडाले, कचेऱ्या जोयड्याला गेल्या, कित्येक कुटुंबे रामनगरला जाऊन राहिली, आणि सुपा तालुक्याला लोक जोयडा तालुका म्हणू लागले.

आज गणेशगुडीला आलेला तरुण समोरचा जलाशय पाहतो आणि त्याला वाटते, काय सुंदर निसर्ग! जुन्या सुप्यात वाढलेल्या म्हातारीला त्याच पाण्याखाली बाजाराची वाट दिसते. तरुणाचे चुकले असे नाही. प्रत्येक पिढी डोळे उघडल्यावर जे पहिल्यांदा पाहते त्यालाच मूळचे समजते. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली समुद्रातल्या घटत्या माशांबद्दल हाच मुद्दा मांडला होता. आपला आजा ज्याला दुष्काळ म्हणाला असता तेच नातवाला नेहमीचे वाटते. नजर बदलल्याचे नजरेला कळत नाही.

रानाचेही तसेच झाले. १९५६ मध्ये दांडेली अभयारण्य झाले, १९८७ मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान, २००७ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प, आणि २०१५ मध्ये त्याला काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव मिळाले. वाघ, काळे बिबटे, धनेश यांच्यासाठी हे रान राखणे आवश्यकच आहे. पण पाटी वाचून आत शिरणाऱ्याला वाटते की इथे माणसाचा हात कधी लागलाच नाही. ज्या उतारावर एकेकाळी राखेत नाचणी पेरली जात होती तो त्याला अनादी जंगल म्हणून दिसतो. मग त्या उताराच्या पायथ्याशी राहणारे घर त्याला घुसखोर वाटू लागते. दिसण्यातली ही चूक वरवर निरुपद्रवी आहे, पण तिच्या टोकाला एखाद्या कुटुंबाची जमीन असते.

कागदाचा आणि नजरेचा हा खेळ अजून संपलेला नाही. गोव्यात २००३ मध्ये कुणबी, गावडा आणि वेळीप यांना अनुसूचित जमातींमध्ये घेतले गेले. सीमेच्या अलीकडे जोयड्याचे कुणबी कित्येक वर्षे तीच मागणी करत आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीबाहेरच्या वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ज्यांच्या आजोबांना कोणी कागद दिला नाही त्यांनी तो आणायचा कुठून? या कायद्याच्या नियमांत एक चांगली सोय आहे. दावेदाराखेरीज गावातल्या इतर ज्येष्ठांचे म्हणणे लिहून घेतले, तर तेही पुरावा म्हणून चालते. क्लेगहॉर्नच्या काळी जी नजर दप्तराबाहेर राहिली तिला दीडशे वर्षांनी दार थोडे उघडले आहे. मात्र ती नजर असलेली माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत.

इथे आपला, म्हणजे या मुलखात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरांचा, संबंध येतो. हल्याळ, खानापूर, बेळगाव, कारवारच्या अनेक घरांचे रानाकडच्या माणसांशी जुने व्यवहार आहेत. त्यांनी आणलेला मध आपण घेतला, भिरंडाची सोले घेतली. त्यांचे कंद मात्र गरिबाचे खाणे म्हणून आपल्या नजरेतून सुटले. अलीकडे जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरतो, त्यात कुणबी बाया आपले कंद मांडून बसतात, आणि एवढे प्रकार असतात याचे आपल्याला नवल वाटते. ते प्रकार काल उगवलेले नाहीत.

आपल्या घरांत लिहिण्याची सवय आहे, शाईची भीती नाही. तेव्हा एक काम आपल्याला सहज करता येईल. कुंभारवाड्याच्या बाजूला कधी गेलात तर एखाद्या जाणत्या माणसाला समोरचा डोंगर दाखवा आणि तिथे काय काय आहे ते विचारा. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवा, आपल्या शब्दांत सुधारून नव्हे. जागेचे नाव, वेलाचे नाव, कोणत्या साली कुठे पेरले, कुठली वाट कधी बंद झाली. तारीख घाला, सांगणाऱ्याची परवानगी घ्या, एक प्रत त्याच्या घरी द्या आणि एक आपल्या संस्थेच्या ग्रंथालयात ठेवा. पुढे कोणी या रानाचा इतिहास लिहायला बसेल तेव्हा गॅझेटियरशेजारी ती वही टेबलावर असू द्या.